आठ मिनिटं, तीस दिवस

सकाळी ७.५०

एसटी स्टँडपासून रुग्णालय चालत अकरा मिनिटं. रिक्षावाला वीस रुपये घेतो, म्हणून लॅबवाल्या ताई चालतात. एसटीत २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. त्यातून वाचलेले पैसे पोराच्या क्लासच्या फीमध्ये जातात. नोकरी कंत्राटी. दर अकरा महिन्यांनी नवी ऑर्डर. बारा वर्षांत तेरा ऑर्डरी झाल्या. हातात बावीस हजार पडतात.

कृष्णाकाठचा ऊसपट्टा, शंभर खाटांचं उपजिल्हा रुग्णालय. कुणाचं नाव लिहायचं नाही, गाव लिहायचं नाही, या अटीवर मी आज ताईंच्या मागे आहे.

आज जानेवारीची ९ तारीख. २०१६ पासून दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची खास तपासणी असते. फाटकातच चपलांचा ढीग दिसतोय. ताई माझ्याकडे न बघता म्हणतात, "आज पाणी प्यायचं राहिलं तरी चालेल. नळीवर नाव घालायचं राहून चालत नाही."

सकाळी ८.१०

पहिलं काम फ्रिजचं. आत ४ अंश. वहीत लिहिलं, सही केली. काटा २ आणि ८ च्या मध्ये हवा. रात्री लाइट गेली होती का, हे वॉचमनला विचारलं. गेली होती, चाळीस मिनिटं. तेही लिहिलं.

मग आरपीआर या रक्तचाचणीची छोटी बाटली बाहेर काढून टेबलावर ठेवली. थंडगार वापरली तर निकाल फसवतो. आत काळं पाणी, त्यात कोळशाची अगदी बारीक भुकटी. सिफिलिस असलेल्या रक्तात ती भुकटी एकमेकीला चिकटते आणि डोळ्यांना दिसतील असे काळे कण होतात. मायक्रोस्कोप लागत नाही. केसपेपरवर डॉक्टर मात्र अजून 'व्हीडीआरएल' असंच लिहितात. ते अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेचं नाव. त्या जुन्या चाचणीला मायक्रोस्कोप लागायचा, आणि सीरम आधी ५६ अंशांवर अर्धा तास तापवावा लागायचा. चाचणी बदलली, नाव चिकटून राहिलं.

बाटलीच्या सुईतून १ मिलीत ६० थेंब पडले पाहिजेत. ताई अर्धा मिली भरतात आणि ओठ हलवत मोजतात. तीस. सुई ठीक आहे.

सकाळी ९.०५

रांग सुरू. सत्तावन्न बायका. बाकावर जागा नाही, काही जणी जमिनीवर बसल्यात. साखरेची तपासणी असलेल्यांना ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायला दिलंय. एकीला उलटी झाली. मावशींनी फडकं आणलं.

दंडाला पट्टा, कोपराच्या आत बोट दाबून शीर बघायची, सुई, दोन नळ्या. जांभळ्या झाकणाची हिमोग्लोबिनला, लाल झाकणाची बाकी सगळ्याला. एका बाईमागे मिनिटभर. मधेच एका बाईच्या हाताला शीर सापडेना. तळहाताला घट्टे, मनगटावर पाचटाचे ओरखडे. वय विचारलं तर "वीस-एकवीस असंल."

"बीडकडची का?"

"व्हय. टोळीत आलोय. नवरा तोडतो, मी मोळ्या बांधते."

"कितवा महिना?"

"पाच सरले."

"आधीचं मूल?"

ती गप्प. मग खालच्या आवाजात म्हणाली, "पहिलं पाचव्यात गेलं. दुसरं सातव्यात. मेलेलंच झालं."

ताईंनी काही विचारलं नाही. तिच्या नळीवरच्या चिठ्ठीच्या कोपऱ्यात पेनानं एक बारीक टिंब केलं.

"कवा सोडताल वो म्याडम? खाडा पडलाय. मुकादम पाचशे कापतो."

खाडा म्हणजे फडावरची गैरहजेरी. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, दोघांच्या नावावर घेतलेली असते. एक जण दवाखान्यात बसला की उचलीतून पैसे वजा होतात.

"जेवायच्या आत सोडते. पण रिपोर्ट घेतल्याबिगर जायचं नाही," ताई म्हणाल्या. बोलता बोलता त्यांची बोलीही बीडकडं सरकली होती.

सकाळी १०.१५

टेबलावर प्लॅस्टिकच्या पट्ट्या ओळीनं मांडल्यात. एका पट्टीत दोन आजार, एचआयव्ही आणि सिफिलिस. रक्ताचा एक थेंब, वरून औषधाचे थेंब, घड्याळ लावायचं, वीस मिनिटं थांबायचं. पहिली रेघ यायलाच हवी. ती आली म्हणजे पट्टी चालू आहे. दुसरी किंवा तिसरी आली तर आजाराची खूण.

वीस मिनिटांनी ताई एकेक पट्टी उजेडात धरतात. एक रेघ. एक रेघ. एक रेघ. ही कंटाळवाणी गोष्ट आहे आणि ती कंटाळवाणीच राहावी असं त्यांना वाटतं. एकोणचाळिसाव्या पट्टीवर सिफिलिसच्या जागी गुलाबी रेघ उमटलेली. फिकट नाही, ठसठशीत. चिठ्ठीच्या कोपऱ्यात टिंब.

ताईंनी पट्टी बाजूला ठेवली आणि पुढची उचलली. उरलेल्या अठरा वाचून झाल्यावरच त्या उठल्या. "मधे उठलं की पुढच्यांची वेळ टळते. उशिरा वाचलेल्या पट्टीवर भरवसा नाही."

सकाळी ११.००

पट्टीवरची रेघ एवढंच सांगते की हा आजार शरीरात कधीतरी शिरला होता. औषध घेऊन बरी झालेल्या बाईलाही ही रेघ बहुधा जन्मभर येत राहते. आजार आत्ता जागा आहे का, किती जोरात आहे, हे बघायला आरपीआर.

कार्डावर गोल छापलेले असतात. एका गोलात ५० मायक्रोलिटर सीरम, वर काळ्या पाण्याचा एक थेंब. कार्ड फिरत्या यंत्रावर ठेवायचं. मिनिटाला शंभर फेरे, आठ मिनिटं. सोबत तीन गोल तपासणीचे, म्हणजे एक नक्की असलेला, एक जेमतेम असलेला, एक नसलेला.

आठ मिनिटं लॅबमध्ये कुणी बोलत नाही. यंत्राची घरघर तेवढी.

यंत्र थांबलं. ताईंनी कार्ड दिव्याखाली तिरकं धरलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. मलाही बघायला दिलं. टिंबवाल्या बाईच्या गोलात सगळं जवळपास सारखं राखाडी. थोडं खरखरीत, बस.

"म्हणजे नाही?"

"घाई करणारा 'नाही'च लिहील," ताई म्हणाल्या. पिपेटला नवी पिवळी टीप लावली.

पुढच्या गोलांमध्ये सलाईन. दुसऱ्या गोलात तेवढंच सीरम मिसळलं, त्यातलं निम्मं उचलून तिसऱ्यात, तिसऱ्यातलं चौथ्यात. दर गोलाला रक्त निम्म्यानं पातळ. दहा गोल भरले. पुन्हा काळा थेंब, पुन्हा आठ मिनिटं.

आता तिसऱ्या गोलापासून काळे कण दिसायला लागले, भिजलेल्या रव्यासारखे. चौथ्यात जास्त, पाचव्यात त्याहून जास्त. सातव्या गोलापर्यंत कण. आठवा गुळगुळीत. निकाल, एकास चौसष्ट.

रक्तात प्रतिपिंडं खूप झाली की ती एकमेकांच्या आड येतात आणि भुकटी चिकटतच नाही. पातळ केल्यावरच खरं चित्र दिसतं. याला प्रोझोन म्हणतात. म्हणजे आजार सगळ्यात जोरात असतो, तेव्हाच कार्ड साळसूद दिसू शकतं. पट्टीवरची ठसठशीत रेघ आणि कोपऱ्यातलं टिंब, या दोन गोष्टींनी ताईंना पातळ करायला लावलं.

सकाळी ११.५०

समुपदेशक मॅडमची खोली. दोन खुर्च्या, एक पडदा. मी बाहेर थांबलो. आत काय बोलतात ते नंतर मॅडमनीच सांगितलं, कारण रोज तेच बोलतात. रक्तात एक जंतू आहे. तो वारेतून बाळापर्यंत जातो. आधीची दोन गेली ती त्यानं गेली असण्याची शक्यता मोठी आहे. याला औषध आहे. औषध तुलाही आणि नवऱ्यालाही. कुणाकडून आला, हे या खोलीत विचारत नाहीत.

"आधीच्या वेळी काय केलं होतं?" असं मॅडमनी विचारलं होतं. देवरुषाकडं नेलं होतं. कोंबडा आणि अकराशे रुपये.

मॅडम रिपोर्ट उद्यावर टाकत नाहीत. आरपीआरचा आकडा यायच्या आधीच, पट्टीवर रेघ दिसली त्याच दिवशी पहिलं इंजेक्शन द्यायचं, हा इथला नियम. "उद्या या म्हटलं की बाई उद्या दुसऱ्या फडावर."

दुपारी १२.२०

इंजेक्शनची खोली. बेंझाथीन पेनिसिलिन, २४ लाख युनिट. कुपीत पांढरी पावडर. सिस्टर तीत निर्जंतुक पाणी घालतात आणि कुपी हलवत नाहीत, दोन तळव्यांमध्ये वळतात, वात वळावी तशी. जोरात हलवलं तर फेस होतो. औषध दुधाच्या सायीसारखं घट्ट. बारीक सुईत अडकतं, म्हणून जाड सुई.

आधी हाताच्या कातडीत टेस्ट डोस. वीस मिनिटं वाट. ट्रेमध्ये ॲड्रिनॅलिन भरून ठेवलेलं, डॉक्टर दारात उभे. पेनिसिलिनची भीती डॉक्टरांनाही असते. एखाद्याला जबर ॲलर्जी होते, ती गोष्ट दहा वर्षं सांगितली जाते. पण गरोदरपणात या आजारावर दुसरं खात्रीचं औषध नाही. डॉक्सिसायक्लिन पोटुशीला देत नाहीत. एरिथ्रोमायसिन वार ओलांडून बाळापर्यंत पुरेसं पोचत नाही. इतर गोळ्यांनी आई बरी दिसेल, बाळाचं काही सांगता येत नाही.

हातावर गांधी उठली नाही. निम्मं औषध एका कुल्ल्यात, निम्मं दुसऱ्यात. हळूहळू ढकलायचं. तिनं पलंगाची कड धरली होती. मोळी आवळणारा हात, लोखंडी कड गच्च धरलेली.

"झालं गं झालं. आता अर्धा तास इथंच बस. रात्री ताप येईल, अंग ठणकेल, ही गोळी घ्यायची. पोट आवळायला लागलं किंवा बाळ हलेनासं झालं तर तशीच ये, रात्र असली तरी."

"परत टोचायचं?"

"अजून दोन वेळा. आठवड्यानं एक, त्याच्या पुढच्या आठवड्यानं एक." आजार किती जुना, ते कळत नाही. अशा वेळी तीन डोस. मधला डोस लांबला तर मोजणी पुन्हा एकपासून. आणि बाळंतपणाच्या किमान तीस दिवस आधी औषध सुरू झालेलं असलं, तरच बाळाला पोटातच औषध मिळालं असं धरतात.

हिच्याकडे चार महिने आहेत. ही वेळेत आली.

दुपारी १.४५

डबा. ताईंच्या डब्यात भाकरी आणि मेथी, सिस्टरच्या डब्यात वांगं. चहा दहा रुपये, तो आळीपाळीनं.

आमच्या आज्या या आजाराला गरमी म्हणायच्या. आयुर्वेदाच्या भावप्रकाशात तो फिरंग रोग आहे, फिरंग्यांबरोबर आलेला. लोक अजून गुप्तरोग म्हणतात, आणि नावाप्रमाणेच तो गुप्त राहतो. "बाईला काही दुखत नाही, हाच घोळ," सिस्टर म्हणाल्या. जखम होते ती दुखत नाही, आपोआप भरते. अंगावर पुरळ येतं, तेही जातं. बाई ठणठणीत. आत जंतू बसलेला.

जंतू १९०५ साली जर्मनीत शाउडिन आणि हॉफमन यांनी पाहिला. १९४३ पासून त्यावर पेनिसिलिन आहे. आज इतक्या वर्षांनीही त्या औषधाला हा जंतू दाद देतो. मालदीव आणि श्रीलंकेनं आईकडून बाळाला होणारा सिफिलिस हटवल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये मान्य केलं. त्याच संघटनेच्या अंदाजानं २०२२ साली जगात सात लाख बाळांपर्यंत तो पोचला. हे बोलणं डबे धुवेपर्यंत टिकलं. नळाला पाणी बारीक होतं.

दुपारी २.३०

नवजात बाळांचा कक्ष. चपला बाहेर, हात कोपरापर्यंत धुवायचे, वर गाऊन. तिसऱ्या खाटेवरचं बाळ झोपलंय. वजन २१०० ग्रॅम. नाक स्वच्छ, कातडी स्वच्छ, दोन्ही हात सारखे हलतात. आजारी बाळाचं नाक वाहतं, तळहात-तळपाय सोलतात, यकृत-पाणथरी वाढते, हाड दुखतं म्हणून हात लुळा पडल्यासारखा वाटतो. यातलं इथं काही नाही. जन्मजात सिफिलिसची निम्म्याहून जास्त बाळं जन्मताना अशीच गोरीगोमटी, धडधाकट दिसतात. नुसत्या डोळ्यांवर सोडलं तर ती घरी जातात. दात, हाडं, डोळे, कान यांच्यावरचा परिणाम पुढे काही वर्षांनी दिसतो.

ही आई ऊसतोडीची नाही. शहरातली आहे, शिवणकाम करते. खासगी दवाखान्यात नाव होतं, तीन सोनोग्राफ्या झाल्या. रक्ताची ही एक तपासणी राहून गेली. कळा सुरू झाल्यावर इथं आली, दाखल करताना पट्टी केली, रेघ आली. तिचा आकडा एकास सोळा.

ताई परवाच बाळाचं रक्त घेऊन गेल्या होत्या. नाळेतलं नाही, बाळाच्या शिरेतलं. नाळेतल्या रक्तात आईचं रक्त मिसळलेलं असू शकतं. बाळाचा आकडाही एकास सोळा. हा आकडा बाळाचा की आईकडून उसना आलेला, हे त्यावरून कळत नाही. आईच्या चौपट असता तर खात्री झाली असती. पण चौपट नाही म्हणून आजार नाही, असंही म्हणता येत नाही. आईला औषध मिळालेलं नाही, एवढं कारण पुरेसं आहे. बाळाला औषध सुरू.

किलोमागे ५०,००० युनिट. दोन किलो शंभर ग्रॅमला १,०५,०००. सिस्टर ५ लाखांची कुपी मिलीला एक लाख होईल अशी पातळ करतात आणि छोट्या सिरिंजमध्ये एक मिलीच्या जरा पुढं भरतात. आकडा दुसऱ्या सिस्टरनं मोठ्यानं वाचायचा, मगच शिरेतून द्यायचं. पहिले सात दिवस बारा तासांनी, पुढचे तीन दिवस आठ तासांनी. मी कागदावर बेरीज केली. चौदा आणि नऊ, तेवीस डोस.

आईला वेळेत तीन. नाहीतर बाळाला तेवीस.

आज तिसरा दिवस. आई बाहेर बाकावर बसलीय. दर तीन तासांनी दूध पाजायला आत येते. एका लग्नघरचे चार ब्लाऊज अर्धे राहिलेत, त्यांचे फोन येतायत. दहा दिवसांनी घरी गेल्यावर संपलं नाही. तिसऱ्या महिन्यात रक्त, सहाव्या महिन्यात रक्त. उसनं असेल तर सहा महिन्यांत आकडा पुसला जातो.

दुपारी ४.१०

ताई रजिस्टर काढतात. लांब, आडवं. प्रत्येक नावापुढे डोसाच्या तीन चौकटी, चौथी नवऱ्याची, पाचवी बाळंतपणाची. एका ओळीत दुसरी चौकट पाच दिवस रिकामी. फोन बंद. ताईंनी त्या बाईच्या फडाकडच्या आशाताईंना फोन लावला. आशाताई म्हणाल्या, "टोळी हलली. कारखान्याच्या पल्याड गेलीय म्हणतात. संध्याकाळी गाडी घेऊन बघते." गाडी त्यांची, पेट्रोलही त्यांचंच.

मग मुकादमाला फोन. इथं आवाज बदलतो. "दवाखान्यातून बोलतेय. तुमच्या टोळीतल्या बाईचं रक्त कमी आहे, इंजेक्शन आहे, उद्या पाठवा. हो, रक्त. खाडा लावू नका." आजाराचं नाव ताई फोनवर कधीच घेत नाहीत. रक्त कमी आहे म्हटलं की कुणी पुढं विचारत नाही. ऊसतोडीला आलेल्या बहुतेक बायकांच्या बाबतीत ते खरंही असतं.

संध्याकाळी ५.२५

सकाळच्या बाईचा नवरा आला. केसांत पाचटाचा भुगा, पायाला माती. मोटारसायकल दुसऱ्याची, पेट्रोल शंभराचं. सकाळपासून एक गाडी भरून दिली होती. समुपदेशक मॅडम त्याच्यासाठी थांबल्या होत्या, आणि तीही. पडद्याआड दहा मिनिटं. बाहेर आला तेव्हा बायकोकडं बघितलं नाही, पण तिच्या हातातली पिशवी घेतली.

त्यालाही टेस्ट डोस, त्यालाही २४ लाख. सुई बघून घाबरला. सिस्टर म्हणाल्या, "तिनं हूं की चूं केलं नाही दुपारी." मग त्यानंही केलं नाही.

ताईंनी तिला एक कार्ड दिलं. त्यावर आजची तारीख, औषध, मात्रा, सही, शिक्का. "हे जपायचं. मार्चात गावी गेलात की तिथल्या दवाखान्यात दाखवायचं. बाळंतपणाला जाशील तेव्हाही." कार्ड हरवलं तर त्या दवाखान्याला काय दिलं, कधी दिलं, काही कळणार नाही. मग बाळाला ते तेवीस डोस. तिनं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि ती कनवटीला खोचली.

संध्याकाळी ६.१५

यंत्र पुसलं, कार्डं पिवळ्या पिशवीत, सुया पांढऱ्या डब्यात. फ्रिज ५ अंश, लिहिलं, सही. सत्तावन्न बायका, सत्तावन्न पट्ट्या, एक रेघ.

ताईंनी रजिस्टर पुन्हा उघडलं. नव्या ओळीत पहिल्या चौकटीत ९ लिहिलं, नवऱ्याच्या चौकटीत ९. दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकटीवर पेन्सिलनं बारीक १६ आणि २३. डोस झाल्याशिवाय तिथं पेन लावायचं नाही.

साडेसहाची बस आहे. १६ तारखेला टोळी कुठल्या फडावर असेल, हे आज मुकादमालाही माहीत नाही.